नवं हॉरर सप्लिमेंट आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेका पात्राची, म्हणजे कॅरॅक्टरची, भूमिका घ्यायची आणि मिळून गोष्ट रचायची असा खेळ) नवं हॉरर सप्लिमेंट आलं की दोन-चार दिवसांत मला प्रश्न यायला लागतात. पुस्तक कुठलंही असो, प्रश्न बरेचसे तेच असतात: घ्यावं का, लोक एवढे का चिडलेत, आमच्या टेबलावर चालेल का. मी बरीच वर्षं हॉरर गेम चालवते आहे, त्यामुळे दर वेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ती एकत्र करून ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. मुरलेल्यांनी थेट प्रश्न ३ वर गेलं तरी चालेल.

१. सप्लिमेंट म्हणजे नेमकं काय? मूळ नियमपुस्तक नसताना नुसतं तेच घेतलं तर खेळता येईल का?

बहुतेक वेळा नाही. फासे कधी टाकायचे, कॅरॅक्टर कसं बनवायचं, मार कसा बसतो हे मूळ नियमपुस्तकात असतं. सप्लिमेंट त्यावर भर घालतं: नवे प्रदेश, राक्षस, कॅरॅक्टरसाठी नवे पर्याय, भीतीचे नियम, कधी एखादं तयार साहस. क्वचित एखादं सप्लिमेंट पुढे स्वतंत्र गेम होतं. ‘डेल्टा ग्रीन’ १९९७ साली ‘कॉल ऑफ क्थुलू’ या हॉरर गेमचं सप्लिमेंट म्हणून आलं आणि २०१६ पासून स्वतःच्या नियमांसह स्वतंत्र गेम म्हणून मिळू लागलं. पण हा अपवाद झाला. मुखपृष्ठावर किंवा पाठीमागे ‘खेळण्यासाठी अमुक पुस्तक लागेल’ अशी ओळ असते, ती आधी वाचा. ‘अर्धवट पुस्तक दिलं’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांनी तेवढी ओळ वाचलेली नसते.

२. राक्षस, भुतं, सांगाडे तर साध्या गेममध्येही असतात. मग ‘हॉरर’ वेगळं ते काय?

सांगाडा दिसल्यावर खेळाडू विचारतो, ‘किती फुटांवर आहे?’, तेव्हा तो साहसाचा गेम असतो. त्याच सांगाड्याच्या बोटात आपल्या बहिणीची अंगठी दिसते आणि खेळाडू काही क्षण बोलत नाही, तेव्हा हॉरर सुरू होतं. साहसात कॅरॅक्टर दर लेव्हलला बळकट होत जातं. हॉररमध्ये त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं: जीव, भान, माणसं, स्वतःवरचा विश्वास. चांगलं हॉरर सप्लिमेंट हे काढून घेणं नियमांत कसं बसवायचं ते शिकवतं. ज्यात फक्त तीस नवे राक्षस आणि काळोखी चित्रं आहेत, ते राक्षसांचं पुस्तक झालं. त्यालाही माझी हरकत नाही, पण मग अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

३. त्याच पुस्तकाला कुणी डोक्यावर घेतं, कुणी रद्दी म्हणतं. खरं कुणाचं मानायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. प्रतिक्रिया वाचताना आधी एकच गोष्ट शोधा: या माणसानं पुस्तक वाचलंय की खेळवलंय?

वाचणाऱ्याला गोष्ट, चित्रं, वातावरण, भाषा दिसते. त्याच्यासाठी ती रात्री अंथरुणात वाचायची गोष्ट असते, आणि तो आनंद खोटा नसतो. खेळवणाऱ्याला वेगळंच दिसतं: नकाशात खोल्यांचे क्रमांक मजकुराशी जुळतात का, ऐन सत्रात नियम सापडतो का, अमुक व्यक्ती मेली तर पुढचं प्रकरण कोसळतं का. तिसरा गट खेळाडूंचा. त्यांनी बहुधा पुस्तक उघडलेलंही नसतं. त्यांची प्रतिक्रिया खरं तर त्यांच्या जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती) मिळालेली पावती असते, पुस्तकाला नव्हे. चौथा गट जुन्या चाहत्यांचा. ते नव्या पुस्तकाची तुलना आपल्या शाळा-कॉलेजातल्या टेबलाशी करत असतात. त्यांच्यासाठी प्रश्न ५ वेगळा ठेवला आहे.

म्हणजे एक तारा देणारा आणि पाच तारे देणारा एकाच वस्तूबद्दल बोलतच नसतात. दोघंही प्रामाणिक असू शकतात. तुम्ही पुस्तक कशासाठी घेताय ते ठरवा आणि त्याच कामासाठी ते वापरलेल्या माणसाचं ऐका. मी स्वतः ‘तिसऱ्या सत्रात आम्ही इथे अडकलो’ असं लिहिणाऱ्याला सर्वाधिक किंमत देते. ती प्रतिक्रिया नकारात्मक असली तरी तिनंच माझी पुस्तकं ठरवली आहेत.

४. पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रियांवर विसंबावं का?

छपाई, बांधणी, चित्रं, अनुक्रमणिका, फाइल नीट उघडते का, एवढ्यासाठी जरूर. खेळ कसा होतो यासाठी नाही. दोन-तीनशे पानांच्या पुस्तकातलं साहस आठवड्यात खेळून संपत नाही. थोडं थांबा.

५. जुने चाहते दर वेळी ‘आमचं वाटोळं केलं’ असं का म्हणतात?

याचं उत्तर एका उदाहरणातून देणं सोपं जाईल, कारण तो वाद मी जवळून पाहिला.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या तलवार-जादूच्या गेममधल्या ‘रेवनलॉफ्ट’ या भयकथेच्या जगाची सुरुवात १९८३ साली एका छोट्या साहसानं झाली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं ते लिहिलं होतं. एक किल्ला, त्यात एक व्हँपायर सरदार, आणि साध्या पत्त्यांच्या कॅटमधून काढलेलं भविष्य. त्या पत्त्यांवरून हत्यार कुठे सापडेल, सरदार कुठे भेटेल हे ठरायचं, त्यामुळे तेच साहस दर वेळी बदलायचं. १९९० साली त्याच कल्पनेतून अख्खं जग उभं राहिलं. एकाला एक लागून असलेले शापित प्रदेश, प्रत्येकाचा एक ‘डार्कलॉर्ड’ (तिथला शापित खलनायक), सीमा, रस्ते, शेजाऱ्यांची भांडणं. लोकांनी त्या नकाशावर वर्षानुवर्षं कॅम्पेन (अनेक सत्रं चालणाऱ्या सलग गोष्टी) चालवली.

२०२१ मध्ये ‘वॅन रिक्टन्स गाइड टू रेवनलॉफ्ट’ आलं आणि त्यानं तो जोडलेला भूभाग मोडला. आता प्रत्येक प्रदेश धुक्यात वेगळा तरंगतो. शेजारी प्रदेश, त्यांचं राजकारण, सीमेवरच्या चौक्या गेल्या. काही डार्कलॉर्ड नव्यानं लिहिले गेले. प्रेतांचे तुकडे जोडून माणूस बनवणारा डॉक्टर व्हिक्टर मॉर्डनहाइम आता व्हिक्ट्रा झाली. नव्यांना हे मोकळं वाटलं: प्रत्येक प्रदेश म्हणजे भयकथेचा वेगळा प्रकार, हवा तो उचला आणि खेळा. जुन्यांना वाटलं की ज्या रस्त्यांवरून आपण वीस वर्षं चाललो ते कुणीतरी खणून टाकले.

माझं मत विचाराल तर भीतीसाठी नवी रचना जास्त उपयोगी आहे. शेजारच्या राज्यात पळून जाता येत असेल तर अडकल्याची जाणीव पातळ होते. पण जुन्या चाहत्यांना हट्टी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. त्यांचा राग नियमांवर नसतो. त्यांच्या टेबलावर घडलेल्या गोष्टी आता ‘कधी घडल्याच नाहीत’ असं पुस्तक म्हणतंय असं त्यांना वाटतं, आणि ते बोचणारच. त्यांना मी एवढंच सांगते की जुना नकाशा अजूनही तुमच्याच कपाटात आहे. नव्या पुस्तकातला एखादा प्रदेश त्यावर चिकटवायला कुणाची परवानगी लागत नाही.

६. ‘मुख्य खलनायकाचे आकडेच दिले नाहीत’ ही तक्रार रास्त आहे का?

अर्धी. वर सांगितलेल्याच पुस्तकाबद्दल ही ओरड फार झाली होती, कारण त्यात बहुतेक डार्कलॉर्डना स्वतंत्र स्टॅट ब्लॉक (लढाईसाठी लागणाऱ्या आकड्यांचे तक्ते) नव्हते. मूळ पुस्तकातल्या एखाद्या प्राण्याचे आकडे वापरा, असं सुचवलं होतं. त्यामागचा विचार असा की या खलनायकाला तलवारीनं हरवायचं नसतं, त्याचा शाप समजून घ्यायचा असतो. विचार चांगला आहे. आकडे दिले की खेळाडू त्याला मारायचा हिशोब मांडायला लागतात, हेही मी पाहिलंय.

पण पैसे मोजून पुस्तक घेणारा जीएम दमून घरी आलेला असतो. रात्री खेळ असतो आणि खेळाडू हमखास तलवार उपसतात. त्या क्षणी ‘अमुक प्राण्याचे आकडे घ्या’ हे उत्तर अपुरं पडतं. लढाई होऊ नये असं वाटत असेल, तर लढाई केल्यावर काय होतं ते तरी लिहायला हवं. इथे माझं मत तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

७. ‘पुस्तक वाचून मला अजिबात भीती वाटली नाही.’ मग ते फसलंय ना?

तसं नाही. स्वयंपाकाचं पुस्तक वाचून पोट भरत नाही, तसंच हे. भीती पुस्तकात नसते, टेबलावर तयार होते.

माझ्याच टेबलावरचा एक प्रसंग सांगते. एका साहसात आरशाचा प्रवेश होता. पुस्तकात खेळाडूंना वाचून दाखवायचा चौकटीतला उतारा होता: काजळलेला आरसा, मागे सावली, गार वारा. मी तो मन लावून वाचला. चौथ्या वाक्याला एक जण फोनकडे बघू लागला, दुसरा फासे रचत बसला. प्रवेश पडला.

काही महिन्यांनी तोच प्रवेश दुसऱ्या गटाला खेळवला. या वेळी उतारा वाचला नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला चिठ्ठीवर एक प्रश्न दिला होता. एकीचा प्रश्न होता, ‘तुझ्या कॅरॅक्टरच्या घरात शेवटचा दिवा कोण मालवायचं?’ तिनं लिहिलं, ‘आजोबा. आधी दोनदा खोकायचे.’ आरशासमोर तिचं कॅरॅक्टर एकटं उभं राहिलं तेव्हा मी काही वर्णन केलं नाही. हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि दोनदा खोकले. तिचा हात कॅरॅक्टर शीटवर होता, तिथेच थांबला. ‘नको,’ ती म्हणाली, अगदी हळू. मग उरलेल्या तिघांनीही बोलणं थांबवलं.

आरसा तोच, पुस्तक तेच. म्हणून सप्लिमेंट पारखताना ‘मला भीती वाटली का’ यापेक्षा ‘माझ्या खेळाडूंकडून काय काढून घ्यायचं हे यानं सुचवलं का’ हे पाहा. चिठ्ठ्यांची कल्पना माझी नाही. ‘ड्रेड’ या गेममध्ये कॅरॅक्टर आकड्यांनी बनतच नाही, अशाच प्रश्नांच्या उत्तरांनी बनतं. त्या गेमबद्दल आणखी पुढच्या उत्तरात.

८. ‘माझं कॅरॅक्टर घाबरलं की नाही हे फासे कोण ठरवणार? ते मी ठरवीन.’ भीतीच्या नियमांवर एवढा वाद का?

कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. खेळाडूच्या हातात आपल्या कॅरॅक्टरचं मन तेवढं असतं, आणि तेच नियमानं काढून घेतलं की राग येतो. उलट भीतीचा काहीच नियम नसेल, तर प्रत्येक जण शूरवीर होतो आणि थडगं उघडताना कुणाचाच हात थरथरत नाही.

हा पेच निरनिराळ्या गेमनी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. १९८१ साली आलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये सॅनिटीचे, म्हणजे भान शाबूत असण्याचे, गुण असतात. भयंकर काही दिसलं की शंभराच्या फाशांवर तेवढ्याच्या आत यावं लागतं, नाहीतर गुण जातात. एका फटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले तर बुद्धीचा फासा टाकायचा, आणि इथे गंमतीची उलटापालट आहे: तो फासा यशस्वी झाला तरच कॅरॅक्टरचं भान सुटतं. जे पाहिलं ते त्याला समजलं म्हणून. फासा चुकला तर मन ते दृश्य स्वीकारतच नाही आणि माणूस वाचतो. एका छोट्या नियमात त्या गेमचं सगळं तत्त्वज्ञान बसलंय.

२०१९ च्या ‘एलियन’ गेममध्ये ताण वाढला की हातात जास्तीचे फासे मिळतात. सहा आला की यश, त्यामुळे घाबरलेलं कॅरॅक्टर आधी जास्त चपळ होतं. पण ताणाच्या फाशावर एक आला की पॅनिकचा फासा टाकावा लागतो, आणि मग काय होईल ते खेळाडूच्या हातात राहत नाही. खेळाडू स्वतःच ‘अजून एकदा टाकतो’ म्हणत ताण वाढवून घेतो. इथे कुणी तक्रार करत नाही, कारण खड्डा त्यानं स्वतः खणलेला असतो.

‘ड्रेड’ २००५ चा. त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो आणि अवघड काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा. मनोरा कोसळला की ओढणाऱ्याचं कॅरॅक्टर गोष्टीतून बाद. तिथे कॅरॅक्टरच्या भीतीचा नियम लागतच नाही, ठोकळ्यापाशी नेलेली बोटं खरोखर थरथरतात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सप्लिमेंटमध्ये भीतीचे नियम सहसा ऐच्छिक असतात. त्यावर ‘अर्धवट’ असा शेरा पडतो. मला ते ऐच्छिक असणंच योग्य वाटतं. मूळ गेम पराक्रमासाठी बांधलेला आहे, त्यावर भीती सक्तीची केली तर दोन्हीचा विचका होतो.

९. ‘सॅनिटी’, ‘वेड’ या शब्दांवर आक्षेप का घेतात? इतकी वर्षं चाललं की.

चाललं, पण टेबलावर बसलेल्या काही जणांना ते गिळावं लागत होतं. जुन्या तक्त्यांमध्ये फासा टाकून कॅरॅक्टरला एखादा खराखुरा मानसिक आजार चिकटवायचे आणि खेळाडूनं त्याची नक्कल करायची, बहुधा हसण्यासाठी. ज्याच्या घरात तो आजार आहे त्याला तिथे बसणं कठीण होतं. शिवाय त्यानं हॉररचंही नुकसान होतं, कारण टेबल हसलं की भीती संपली.

नवी पुस्तकं ‘ताण’, ‘भीती’, ‘शाप’ असे शब्द वापरतात आणि परिणाम त्या प्रसंगाशी जोडतात. विहिरीत अडकलेल्याला पाण्याच्या आवाजाची भीती बसते, एकदम भलताच आजार जडत नाही. २०१६ च्या ‘डेल्टा ग्रीन’नं यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा मार्ग काढला: कॅरॅक्टर आपल्या मनावरचा घाव जवळच्या नात्यावर ढकलू शकतं. तुमचं भान टिकतं, पण बायकोशी, मुलीशी असलेलं नातं तेवढं क्षीण होतं. कुठल्याही आजाराचं नाव न घेता हा नियम खोल लागतो.

१०. सेफ्टी टूल्समुळे हॉररमधली हवाच निघून जाते, असं बरेच चाहते म्हणतात. खरं आहे का?

माझा अनुभव उलटा आहे. आधी साधनं काय ते सांगते. ‘एक्स-कार्ड’ जॉन स्टाव्रोपोलोस यांनी २०१३ मध्ये मांडलं. टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कुणीही त्याला हात लावला की चाललेली गोष्ट वगळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ‘लाइन्स अँड व्हेल्स’ त्याहून जुनं, रॉन एडवर्ड्स यांच्या २००३ च्या पुस्तकातलं. ‘लाइन’ म्हणजे ही गोष्ट आमच्या खेळात येणारच नाही. ‘व्हेल’ म्हणजे घडेल, पण पडद्याआड.

आता हवा जाण्याबद्दल. गिर्यारोहक दोर बांधतो म्हणून कडा लहान होत नाही, उलट तो दोराशिवाय चढला नसता असा कडा चढतो. माझ्या टेबलावर कार्ड नव्हतं तेव्हा मीच हात आखडता घ्यायचे. कुणाला काय लागेल माहीत नसायचं, म्हणून सगळंच मवाळ ठेवायचे. सीमा कळल्यावर त्यांच्या आत मी पूर्ण जोर लावू लागले.

एक मात्र मान्य करते. काही पुस्तकांत हा भाग उपदेशासारखा लिहिलेला असतो आणि वाचक वैतागतो. तो वैताग लिखाणावरचा आहे, साधनावर काढू नये.

११. सेशन झीरोमध्ये सगळं आधीच सांगून टाकलं तर रहस्य काय राहणार?

सेशन झीरो म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बोलणी. तिथे विषय सांगायचे, घटना नाही. ‘या कॅम्पेनमध्ये लहान मुलं हरवणं येईल, शरीराची विटंबना येणार नाही’ इतकं पुरतं. मुलं कुणी पळवली हे कुणी विचारत नाही. आणि शेवट माहीत असला की भीती जाते हेही खरं नाही. २०१५ च्या ‘टेन कँडल्स’मध्ये सगळी कॅरॅक्टर शेवटी मरणार हे पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं असतं. दहा मेणबत्त्या एकेक करून विझत जातात आणि शेवटची विझेपर्यंत टेबलावर श्वासही मोठ्यानं घेतला जात नाही.

१२. आमची पार्टी (कॅरॅक्टरची टोळी) दहाव्या लेव्हलची आहे. त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. सप्लिमेंटचा उपयोग होईल का?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’बद्दल विचारत असाल तर अडचण खरी आहे. शाप काढायचा आणि नुकत्याच मेलेल्याला उठवायचा मंत्र तिसऱ्याच स्तराचा आहे, म्हणजे पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडेही (देवभक्त मांत्रिकाकडेही) तो असतो. दहाव्या लेव्हलचा पॅलॅडिन (शपथबद्ध योद्धा) शुद्धीत असताना त्याच्या दहा फुटांतल्या साथीदारांपैकी कुणाला ‘फ्रायटन्ड’, म्हणजे भयभीत, करता येत नाही. अशा पार्टीला भुताच्या किंकाळीनं काय होणार?

तरी दोन वाटा आहेत. एक, नियमांतच दडलेल्या फटी शोधा. निम्म्या पार्टीला डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) असतं म्हणून जीएम अंधार सोडून देतात. पण डार्कव्हिजननं पूर्ण अंधारात रंग दिसत नाहीत, फक्त करड्या छटा. म्हणजे मशाल न पेटवता गेलेल्या पार्टीला भिंतीवर ओल दिसते. हाताला चिकट लागते. मशाल पेटवल्यावर कळतं ते काय आहे. हा प्रवेश मी मुरलेल्या खेळाडूंसमोर केलाय आणि मशाल पेटवायला कुणी तयार नव्हतं. डार्कव्हिजन लागू पडलं तरी अशा अंधारात डोळ्यांनी शोध घेण्याच्या फाशांवर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) असतो, तेही विसरू नका.

दुसरी वाट: धोका कॅरॅक्टरवर आणू नका, त्याच्या माणसांवर आणा. दहाव्या लेव्हलच्या वीराला मारणं अवघड आहे, पण त्यानं वाचवलेल्या गावात लोक त्याला पाहून दारं लावू लागले तर तलवार काय कामाची? अगदीच जमत नसेल तर हॉररसाठी छोटी वेगळी कॅरॅक्टर घेऊन वन-शॉट (एकाच सत्रात संपणारी गोष्ट) खेळा. २०२१ च्या पुस्तकात ‘सर्व्हायव्हर’ नावाची साधी, दुबळी कॅरॅक्टर यासाठीच दिली होती. त्या भागाची चर्चा फार कमी झाली याचं मला वाईट वाटतं.

१३. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्तीसाठीचं हॉरर सप्लिमेंट २०२४ च्या नव्या नियमांत चालेल का?

बरंचसं चालतं. प्रदेश, गोष्टी, व्यक्ती यांना आवृत्ती नसते. थांबून पाहायची जागा म्हणजे ‘एक्झॉशन’ (थकव्याच्या पातळ्यांचा नियम), कारण हॉरर सप्लिमेंट भूक, थंडी, झोप न मिळणं यांसाठी तेच वापरतात. २०१४ च्या नियमांत दर पातळीला वेगळा फटका होता: तिसऱ्या पातळीवर हल्ल्यांना आणि सेव्हिंग थ्रोना (संकटातून वाचण्याच्या फाशांना) डिसअॅडव्हान्टेज, चौथीवर हिट पॉइंट्सची (जीव किती उरलाय त्या गुणांची) कमाल मर्यादा निम्मी. २०२४ मध्ये दर पातळीला वीसच्या फाशावर सरळ उणे दोन आणि वेग पाच फुटांनी कमी. सहाव्या पातळीला मृत्यू दोन्हीकडे आहे. नव्या पद्धतीत उतरण हळू आणि सलग आहे, त्यामुळे लिहिलेल्यापेक्षा एखादी पातळी जास्त द्यायला मी कचरत नाही.

१४. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यानं पुस्तक खरंच बदलतं का?

बदलतं, आणि दोन वेळा ते बदलणं गरजेचं होतं असं मला वाटतं. रेवनलॉफ्टमधले भटके ‘विस्तानी’ लोक युरोपातल्या रोमा समाजाबद्दलच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते. २०२० मध्ये प्रकाशकांनी ते जाहीरपणे मान्य केलं, आधीच्या साहसाच्या नव्या छपाईत मजकूर बदलला आणि पुढच्या पुस्तकात त्या लोकांना माणसांसारखी माणसं म्हणून लिहिलं.

दुसरी घटना २०१८ ची, ‘व्हँपायर : द मास्करेड’ या गेमच्या एका सप्लिमेंटमधली. रशियातल्या चेचन्यात समलिंगी लोकांचा जो खराखुरा छळ चालला होता, तो त्या पुस्तकानं व्हँपायरांच्या डावपेचांचा भाग म्हणून वापरला. जिवंत माणसांचं दुःख गोष्टीची सजावट झालं. वाचकांनी टोकाचा विरोध केला, प्रकाशकांनी माफी मागून तो भाग काढला आणि मालक कंपनीनं त्या ब्रँडची स्वतंत्र प्रकाशन व्यवस्थाच गुंडाळली.

मात्र ‘अमुक डार्कलॉर्ड पूर्वीसारखा करा’ अशा मागण्यांनी पुस्तक सहसा बदलत नाही. त्यासाठी आपलं टेबल आहे. प्रश्न ५ चा शेवट पाहा.

१५. मी खेळाडू आहे. जीएम हे साहस खेळवणार आहे. प्रतिक्रिया वाचू का?

साहसाच्या नाही. हॉररमध्ये एक फुटलेलं रहस्य सगळ्या टेबलाचं असतं, तुमचं एकट्याचं नाही. कॅरॅक्टरच्या पर्यायांबद्दल वाचायला हरकत नाही. एखाद्या विषयाची धास्ती असेल तर जीएमला थेट विचारा, त्यासाठीची साधनं प्रश्न १० मध्ये आलीच आहेत. चुकून काही वाचलं गेलं असेल तर जीएमला खासगीत सांगा. लपवलंत तर तुम्ही नकळत त्या दाराकडे जाणं टाळाल आणि जीएमला कळणार नाही की प्रवेश का पडतोय.

१६. आमच्या गटात चौघांना पुस्तक प्रचंड आवडलं, एकाला अजिबात नाही. त्याच्यासाठी कॅम्पेन थांबवायचं का?

आधी कळू द्या की त्याला काय नको आहे. ‘आवडत नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एखादा ठरावीक विषय नको असेल तर तो काढता येतो. कॅरॅक्टर हतबल होणं नको असेल तर त्याला असं कॅरॅक्टर द्या ज्याच्याकडे एक खात्रीचं काम आहे: दिवा सांभाळणारा, जखमा बांधणारा, दार धरून ठेवणारा. माझ्याकडे असा एक खेळाडू होता. त्याच्या हातात कंदील दिला आणि त्यात किती तेल उरलंय ते फक्त त्यालाच सांगायचं ठरवलं. चौथ्या सत्रात बाकीचे सगळे त्याला विचारत होते, ‘किती उरलंय?’, आणि तो सांगत नव्हता.

तिसरी शक्यता म्हणजे त्याला हॉररच नको आहे. तसं असेल तर त्याला ओढू नका. कॅम्पेन चौघांत चालू ठेवा आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी दुसरा गेम लावा. पण हे त्याच्याशी बोलून ठरवा. त्याला वगळून गट बनवलाय हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.